दोष आढळला नाही

दुसऱ्या मजल्यावर एकच संडास होता आणि त्याच्या दारावर नखाएवढी गोल चकती होती. आतून कडी लावली की चकती लाल व्हायची, काढली की हिरवी. गेल्या काही महिन्यांपासून मात्र कडी पूर्ण सरकवली तरी लाल रंगाच्या कडेला हिरव्याची एक कोर उरत होती. तपासनीसबाईंच्या अंदाजाने दीड मिलिमीटर. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. वजनं, मापं आणि मोजमापाची उपकरणं तपासून त्यांच्यावर शिक्का मारणाऱ्या त्या कार्यालयात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. बंद दाराच्या बाहेर उभं राहून चकती इतकी निरखायला बाईंना वेळ कुठून मिळाला, असा प्रश्न पुढे त्यांना लेखी विचारण्यात आला.

वेळ मिळाला, कारण पोट दुखत होतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस बेंबीखाली मुरडा यायचा आणि पोट टम्म फुगायचं. जाऊन आलं की कळ ओसरायची आणि तासाभराने काही विसरल्यासारखी परत यायची. कधी एका सकाळी चार खेपा, कधी तीन दिवस काहीच नाही. उठताना बाई दरवेळी काहीतरी लोणकढी ठेवून द्यायच्या. फोन येतोय, फाइल शोधून येते, हात धुऊन येते. दोन वर्षांत त्यांनी इतक्या वेळा हात धुतले होते की टापटिपीसाठी त्यांचं नाव झालं होतं. एकदा सगळ्यांना सरळ सांगून टाकायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. येत्या सोमवारी. तो सोमवार अजून यायचा होता.

तेवढ्यात आदेश आला. पुढच्या एक तारखेपासून त्यांची नेमणूक फिरत्या तपासणी पथकावर झाली होती. सकाळी आठला व्हॅन निघणार, हमरस्त्यावरचे वजनकाटे तपासत जाणार आणि सहाला परतणार. व्हॅनमध्ये पाच माणसं, दोन टन प्रमाणित वजनं आणि घडीचं एक टेबल असे. संडास नसे. बाईंनी आदेश दोनदा वाचला आणि आस्थापना विभागात गेल्या.

"आजाराचं सर्टिफिकेट आणा, नाव काढतो," हेडक्लार्क म्हणाले. माणूस मऊ होता. "काय होतंय?"

"पोट."

"ॲसिडिटी? मलाही आहे."

"नाही. त्याच्या खालचं."

हेडक्लार्कांनी टेबलावरचे आधीच सरळ असलेले कागद सरळ केले. "ते तुम्ही डॉक्टरांशी बोला," ते कागदांना म्हणाले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि त्यांना कशाचीच लाज नव्हती. किती वेळा, कधीपासून, जाऊन आल्यावर बरं वाटतं का, चिकट पडतं का, हे सगळं त्यांनी बसची वेळ विचारावी तसं विचारलं. मग सात चित्रांचा एक तक्ता पुढे सरकवला. पहिल्या चित्रात सुट्या टणक गोळ्या होत्या, सातव्यात नुसतं पाणी.

"यातलं तुमचं कुठलं?"

तपासनीसबाईंना एकदम बरं वाटलं. हे नीट आखलेलं माप होतं. "कधी पहिलं, कधी सहावं," त्या म्हणाल्या. "चौथं सुरेख आहे. पण ते मी चित्रातच पाहिलंय."

रक्त पडतं का? वजन घटलंय? ताप? दुखण्याने झोपेतून जाग येते? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग? सगळ्याला नाही. मग रक्त तपासलं, शौच तपासलं, आणि दहा दिवसांनी चार रिपोर्ट टेबलावर आले.

"सगळे नॉर्मल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला आयबीएस आहे."

"नॉर्मल आहेत, तर आहे कसं?"

"असंच असतं ते. आतड्याला जखम नाही, सूज नाही. फक्त आतडं आणि मेंदू यांचं आपसात पटत नाही. थोडा गॅस झाला तरी आतडं बोंब ठोकतं आणि मेंदूला ती खरी वाटते. हे कुठल्या मशिनला दिसत नाही. रिपोर्ट काढायचे ते दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. ओळखायचं लक्षणांवरूनच. आठवड्यातून एखादा दिवस तरी दुखणं, तेही गेले तीन महिने, शौचाशी जोडलेलं, खेपा बदललेल्या, रूप बदललेलं. तुमचं तर दोन वर्षं चाललंय."

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत?"

"दुखतं ते खरंच दुखतं. गोळ्या देते, खाण्याचं सांगते. आणि संडास जवळ असू द्या. तो लांब आहे हे कळलं की या दुखण्याला चेव येतो."

त्या संध्याकाळी बाई दोन वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत घरी गेल्या. नवरा म्हणाला, "सगळं नॉर्मल? बघ, मी म्हणत नव्हतो? तू उगाच टेन्शन घेतेस."

"मी नाही घेत. माझं पोट घेतं."

"मग त्याला समजाव."

अर्जाच्या सातव्या रकान्यात छापलेलं होतं, 'आजार सिद्ध करणारे रिपोर्ट जोडावेत.' बाईंनी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटला चारही रिपोर्ट जोडले आणि अर्ज आत दिला. इथे जे घडलं ते दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात घडलं नसतं. तिथे आलेला कागद नुसता पडून राहिला असता. हे कार्यालय कामसू होतं. तिथे येणारी प्रत्येक वस्तू दोनपैकी एका प्रकारची असे, मर्यादेत असलेली किंवा मर्यादेबाहेरची. अर्जातले सगळे आकडे मर्यादेत होते. त्यामुळे फाइल सवयीने नेहमीच्या टेबलांवरून फिरली आणि तिसऱ्या दिवशी बाईंच्या हाती परत आली. तिच्यावर जांभळा शिक्का होता, 'तपासले. दोष आढळला नाही. वैधता एक वर्ष.' फाइलच्या दोरीला वजनाला लावतात तसं शिशाचं सील लावलेलं होतं.

"अहो, मी काही वजन नाही," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणतंय?" हेडक्लार्क दुखावले. "पण बाई, शिक्का आपलाच आहे ना. एकोणीस वर्षं तुम्हीच मारताय. उद्या एखादा दुकानदार आला आणि म्हणाला, शिक्का आहे पण काटा आतून बिघडलाय, तर तुम्ही काय म्हणाल?"

बाईंनी शिशाचं सील चाचपलं. मागच्याच आठवड्यात असा एक दुकानदार येऊन गेला होता आणि त्यांनी त्याला शिक्का दाखवून परत पाठवलं होतं.

"एखादा तरी रिपोर्ट जरा वाईट आणायचा," हेडक्लार्क हळहळले. "माझ्या मेहुण्याला अल्सर झाला. काय रिपोर्ट होता! लाल अक्षरात! साहेबांनी उभ्या उभ्या सही केली."

शिक्का बसल्यामुळे प्रकरण साधं राहिलं नाही. बाई निर्दोष असल्याचं कार्यालयाने प्रमाणित केलं होतं. तरीही त्या दिवसातून पाचदा उठत होत्या, म्हणजे ते उठणं विनाकारण होतं. विनाकारण नसेल, तर शिक्का खोटा होता. शिक्का खोटा असल्याचं सुचवणं हा शिक्क्याच्या विश्वासार्हतेला बाधा आणण्याचा प्रकार होता आणि त्यासाठी वेगळं कलम होतं. नोटीस आली. चकतीचा प्रश्न तिच्यातलाच, चौथा. उत्तर न दिल्यास व्हॅनमधली नेमणूक कायमची होईल आणि व्हॅन नाकारल्यास राजीनामा गृहीत धरला जाईल, असं शेवटी लिहिलं होतं.

बाईंनी फेरतपासणीचा अर्ज केला, त्यामुळे निकाल लागेपर्यंत व्हॅन लांबली. फेरतपासणीचा नियम जुना आणि स्पष्ट होता. उपकरण पाच जणांच्या समितीसमोर ठेवावं, ठरलेल्या वेळी लागोपाठ तीन वाचनं घ्यावीत, वाचन चालू असताना उपकरण टेबलावरून हलवू नये. त्यानुसार पत्र आलं, 'अर्जदाराने लागोपाठ तीन बुधवारी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत आपली लक्षणे समितीसमोर सादर करावीत.'

पहिल्या बुधवारी समितीने, म्हणजे कार्यालयाचे साहेब, हेडक्लार्क आणि आणखी तिघांनी, बाईंच्या पोटाकडे अर्धा तास पाहिलं. सभ्यतेला धरून, म्हणजे पोटाच्या अंमळ डावीकडे. पोट शांत होतं. अकरा सत्तावीसला काहीतरी गुरगुरलं, ते पंख्याचं असल्याचं साहेबांनी नोंदवून घेतलं. अकरा पस्तीसला बाई जिन्यात कळीने वाकल्या. ते वेळेबाहेर होतं. दुसऱ्या बुधवारी बाई सकाळी चार खेपा करून आल्या होत्या. समितीसमोर पाचवी काही झाली नाही.

"दोन वाचनं शून्य," साहेब म्हणाले. "मला वाईट वाटतं बाई, पण आकडे बोलतात."

तिसऱ्या बुधवारी पोटाने शब्द पाळला. अकरा वाजून दोन मिनिटांनी मुरडा आला. बाईंचा चेहरा पांढरा पडला, हात आपोआप पोटावर गेला. "येतंय," त्या म्हणाल्या.

"काय येतंय?" साहेबांनी विचारलं. "नेमकं लिहावं लागेल."

कुठला शब्द लिहायचा, यावर चर्चा सुरू झाली. एका सदस्याने 'निसर्गाची हाक' सुचवलं. दुसऱ्याला ते काव्यमय वाटलं. 'सदर बाब' कुणाला नापसंत नव्हतं, पण बाब कुठली असा प्रश्न वरून येईल, अशी भीती हेडक्लार्कांना वाटली. बाईंनी उठायची परवानगी मागितली. वाचन चालू होतं, त्यामुळे परवानगी कुणालाच देता येत नव्हती. नोंद होईपर्यंत वाचन संपत नव्हतं आणि शब्द सापडेपर्यंत नोंद होत नव्हती. दार लावून घेण्यात आलं. साडेअकराची वेळ वाढवण्यात आली, मग पुन्हा वाढवण्यात आली. मधे दोनदा चहा आला.

कळ लाटेसारखी येते आणि दोन लाटांमध्ये डोकं विलक्षण स्वच्छ असतं. पावणेएकच्या सुमाराला अशाच एका मधल्या वेळी तपासनीसबाईंनी सवयीने समोरचं पाहिलं. साहेबांनी डावा पाय उजव्यावर टाकला होता, मग उजवा डाव्यावर, आणि हा बदल दर चाळीस सेकंदांनी होत होता. हेडक्लार्कांच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते गणितं करत असल्यासारखे छताकडे पाहत होते. 'निसर्गाची हाक'वाले सदस्य खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. चौथ्याने पट्ट्याचं बक्कल टेबलाखाली हळूच एक भोक सैल केलं. पाचवा दर दोन मिनिटांनी दाराकडे पाहून मग घड्याळाकडे पाहत होता, लोकांना वेळच बघतोय असं वाटावं म्हणून. बाईंनी यातली प्रत्येक बैठक ओळखली. दोन वर्षं त्यांनी त्यांचाच सराव केला होता. पाच माणसं, पाच वाचनं, सगळी मर्यादेबाहेर.

"बाई," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे आता कुठेतरी संपवू. तुमचं म्हणणं एका वाक्यात, सभ्य शब्दांत सांगा. तसंच नोंदवून घेतो."

कुणी हललं नाही. कुणाची हलायची टापही नव्हती. तुम्ही त्या खोलीत असतात तर तुम्हीही हलला नसतात. पाय आवळून बसला असतात, खिडकीबाहेर काहीतरी बघितलं असतंत आणि या बाईला जरा तरी लाज असावी, असं मनात म्हणाला असतात.

तपासनीसबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"मी संडासला चालले आहे," त्या म्हणाल्या. "यापुढे कळ आली की हेच शब्द वापरून जाणार, तुमच्या व्हॅनमधूनसुद्धा. लिहून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणाला माझ्या आधी जायचं असेल, तर त्याने आत्ताच सांगावं."