मोती पिकवणारे तात्या

मी कशेळ्याला शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट. गावात लोक भेटले की राम राम म्हणायचे. माझे शेजारी गोमातात्या मात्र समोरच्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि विचारायचे, "पाला खाल्ला का?"

पाला म्हणजे शेवग्याचा. जोडीला माठ, टाकळा, पिकली पपई. हिरवं-पिवळं खाणाऱ्याचे डोळे म्हातारपणी शाबूत राहतात, असं त्यांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं आणि हात धुऊन गावाच्या मागे लागले. पुतणीच्या सोयरिकीत त्यांनी मुलाला नोकरीचं विचारलं नाही, "टाकळा आवडतो का?" एवढंच विचारलं. मुलगा नाही म्हणाला. "म्हंजे पोरगी आंधळ्याला देऊ?" असं म्हणत तात्या उठलेच. लग्न मोडता मोडता राहिलं.

एवढं करून मोतीबिंदू झाला तो त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकोला, पार्वतीकाकूंना. तात्यांचं तोंड एवढंसं झालं. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "पाला चांगलाच, पण आलेला मोती त्यानं जात नाही. काढावाच लागेल. अजून कच्चा आहे, पिकू दे."

घरी येताच तात्यांनी भाजी बंद केली. हिरव्यानं मोती कच्चा राहिला तर? आंबा अढीत पिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी काकूंच्या डोक्याला घोंगडी गुंडाळली आणि भोवती पेंढा रचला. मी गेलो तेव्हा काकू घामाघूम झाल्या होत्या.

"मास्तर, सांगा यांना," त्या म्हणाल्या, "मी काय हापूस हाय?"

मला हसू आवरेना. "अहो तात्या, पिकेल हळूहळू. एवढी कसली घाई?"

तात्यांनी मला अंगणात ओढलं. "नजर गेली तशी ती भांडायची पण थांबली, मास्तर. मी कायपण करू दे, गप बसून राहते. घर खायला उठतं."

मग मात्र मला हसता येईना.

पुढे मोती पिकला, ऑपरेशनही झालं. जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होतो. काकूंनी तो डोळ्यांवर चढवला आणि आधी चुलीकडे पाहिलं.

"अवो, ही भांडी अशी घासतात? इतके दिवस मला यातच वाढीत होतात? आन् तो सदरा बघा, पोतेरं बरं!"

तात्या मान खाली घालून ऐकत होते. मग डोळे पुसत हळूच म्हणाले, "अजून बोल गं."