सगळ्यांचा हात लागलेली जाहिरात

लग्न होऊन कळमनुरीत आल्यापासून मोहिनीने आपल्या वाट्याचा चहा गरम असा कधी प्यायलाच नव्हता. कप उचलला की सासूबाईंना, म्हणजे चंद्रभागाबाईंना, गोळीची आठवण व्हायची. गोळी देऊन येईपर्यंत शेजारच्या अनुसयाबाई साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या. त्या गेल्या की वसमतच्या मोठ्या वन्संचा फोन, आणि तो ठेवला की पुसेगावच्या धाकट्या वन्संचा, मोठी काय म्हणत होती ते विचारायला. माणसं सगळी मायेची. वाईट असती तर तोडून तरी टाकता आली असती.

म्हणून तिचा नवरा भुजंग आणि त्याचा भागीदार नेमसिंग यांनी नांदेड रस्त्याला, गावापासून चांगलं लांब रान घेऊन त्याचे प्लॉट पाडले, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या, तेव्हा मोहिनीचा जीव थेट कोपऱ्यावरच्या प्लॉटवर जाऊन बसला. तिथं एक डेरेदार कडुलिंब होता. त्याच्या सावलीत स्वयंपाकघर, स्वयंपाकघराला बाहेरच्या बाजूने एक दार, दारात आपण, हातात कप, आणि हाकेच्या टप्प्यात कुणीही नाही. हे चित्र तिने इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की कपाचा रंगसुद्धा ठरून गेला होता.

भुजंगची ना नव्हती. अडचण अशी, की त्याच कोपऱ्यासाठी एक धाबेवाला नेमसिंगच्या मागं लागला होता आणि इसार खिशात घेऊनच फिरत होता. नेमसिंग सरळ माणूस. त्याने घरी येऊन, मोहिनीच्या समोरच सांगून टाकलं.

"वैनी, तुमचं मन मोडायची मलाबी हौस न्हाई. पण आजवर एक प्लॉट गेला न्हाई आपला. पाडव्याच्या अगोदरच्या रविवारपर्यंत दुसरे तीन गेले तर कोपरा तुमचा. न्हाई तर धाब्याचा. बराबर हाय का?"

बराबरच होतं. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मोहिनीच्या भावाची मुलगी अंजली नांदेडला जाहिरातीच्या ऑफिसात कामाला होती. तिने प्लॉटची वेबसाइट करून दिली, 'निंबछाया नगर' असं नाव दिलं, वर कडुलिंबाचा झकास फोटो लावला. मग एका सकाळी ती घरी आली आणि बाजेवर बसून सगळ्यांना जाहिरातीचं गणित समजावू लागली. कुणी फोनवर 'कळमनुरी प्लॉट' असं शोधलं, की सगळ्यात वर आपली जाहिरात दिसणार. त्याने तिच्यावर बोट लावलं की आपली वेबसाइट उघडणार. आणि एकदा बोट लावलेल्या माणसाचा पिच्छा ती जाहिरात सोडणार नाही. तो भजन ऐको नाहीतर क्रिकेट बघो, ती मधे डोकावणारच.

"म्हणजे विमा एजंटासारखी," भुजंग खूश होऊन म्हणाला.

"तशीच, मामा. आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते," अंजली म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी अनुसयाबाई वाटी घेऊन दारात आल्या. मोहिनी साखर द्यायला आत गेली. परत आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगून झालं होतं. ते असं होतं, की जाहिरातीवर लागणाऱ्या दर बोटामागे भुजंगच्या खात्यातून पैसे जाणार.

जाहिरात सुरू झाली त्या दिवशी भुजंग फोन मांडीवर घेऊन बसला. दिवसभरात दोन-तीन बोटं लागली, त्यातलं एक नेमसिंगचं. संध्याकाळी त्याचं तोंड एवढंसं झालेलं मोहिनीला बघवेना. तिला वाटलं, चूक आपलीच आहे. घरात लग्न निघालं आणि घाणा भरायचा असला, की मुसळाला भावकीतल्या प्रत्येक सवाष्णीचा हात लागावा लागतो. एखादीचा राहिला तर ती पुढच्या लग्नापर्यंत तोंड फिरवून बसते. आणि इथं एवढं मोठं शुभकार्य काढलं, त्याला घरच्या एकीचाही हात लागलेला नाही. मग परक्यांचा कसा लागावा?

तिने वसमतला फोन लावला. मग पुसेगावला. मग भिंतीवरूनच अनुसयाबाईंना सांगितलं.

मोठ्या वन्संनी रोजची आरती झाली की घरातल्या सगळ्यांनी एकेक बोट लावायचं, असा नेमच करून टाकला. धाकट्या वन्संनी मेंढरामागं गेलेल्या नवऱ्यालाही फोनवरून शिकवलं. त्याला ते जमेना तेव्हा त्याचा फोन घरी ठेवून घेतला. अनुसयाबाई बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी गटातल्या बायकांना सांगितलं की आपल्या मोहिनीचं काम आहे, लाजायचं नाही. चंद्रभागाबाईंनी तर आधी हात धुतले, पदराला पुसले आणि मगच स्क्रीनवर बोट टेकवलं. टेकवून झाल्यावर ते कपाळालाही लावलं.

"मोहिने, लोक तुटून पडून राहिले," दुसऱ्या दिवशी भुजंग ओरडतच आत आला. मोहिनी पोळी उलटताना गालातल्या गालात हसली फक्त.

पण फोन काही वाजेना. बोटं शेकड्याने, आणि 'भाऊ, प्लॉटचा भाव काय' म्हणून विचारणारा एकही नाही. त्यात आणखी एक चमत्कार झाला. नेमसिंग ऑफिस उघडून जाहिरात शोधायला बसला की ती त्याला दिसायचीच नाही. अंजलीने फोनवर सांगितलं की दिवसाचे ठरवलेले पैसे संपले की जाहिरात झोपते, ती दुसऱ्या दिवशीच उठते. आणि इथं ते पैसे आरतीच्या वेळेलाच संपत होते. भुजंगने त्याचा अर्थ एवढाच घेतला की मागणी फार आहे. त्याने दिवसाचे पैसे दुप्पट केले. दुसऱ्या दिवशी आरतीनंतरही जाहिरात जागीच दिसली, तेव्हा मोठ्या वन्सं दुसऱ्यांदा आरती करून मोकळ्या झाल्या.

दुप्पट पैसेही सकाळीच संपले, तेव्हा मात्र भुजंगला संशय आला, आणि तो थेट गेला कोंडीबावर. कोंडीबा हा बसस्टँडजवळचा दुसरा प्लॉटवाला. आपली जाहिरात बुडवायला तोच दिवसभर बोटं लावत असणार, हे भुजंगने पक्कं केलं, आणि सकाळी सकाळी, आरतीच्या आधीच, त्याच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. बोटं आवर म्हणाला. कोंडीबाला काही कळेना. कशावरची बोटं म्हणून त्याने आपला फोन काढला, जाहिरात शोधली आणि तिच्यावर बोट लावलं.

"ही व्हय? झाड झ्याक हाय की," असं म्हणून त्याने समोर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही ती शोधायला लावली. त्यांनीही एकेक बोट लावलं. कोंडीबाने वर चहा मागवला. भुजंगला तो प्यावा लागला.

त्या दुपारी मोहिनीला अंजलीचा फोन आला. तिचा आवाज जरा बारीक होता.

"आत्या, एक विचारू? मामांना सांगू नको. बोटं कुठून लागली त्याचा नकाशा मी बघून राहिले. सगळी बोटं वसमतची, पुसेगावची आणि तुमच्या गल्लीची आहेत. कोण असंल गं?"

मोहिनीने कढई खाली उतरवली आणि घाण्याची सगळी गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ नुसतं खुसखुसणं ऐकू येत होतं. मग अंजलीने ते सगळ्यात महत्त्वाचं पुन्हा सांगितलं. मोहिनीने आजवर लागलेली बोटं मनातल्या मनात मोजून पाहिली. म्हणजे नवऱ्याचे पैसे, कडुलिंब आणि गरम चहा, सगळं आपणच भावकीच्या हातून बुडवलं.

आता हे थांबवायचं कसं? भुजंगला सांगायची सोय नव्हती आणि वन्संना सांगायची तर त्याहून नव्हती. तरी तिने वसमतला फोन करून, फार जपून, आता बोट नाही लावलं तरी चालेल असं म्हणून पाहिलं.

"काहून? आमचं बोट काय विटाळलं?" मोठ्या वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज घाण्याला हात न लागलेल्या बाईचा झाला होता.

मोहिनीने क्षणभर डोळे मिटले, आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "तसं न्हाई वन्सं. घेतलेला नेम पूर्ण झाला. आता उद्यापन."

उद्यापन म्हटल्यावर बोटं थांबली. नेम सुटतो तो असाच, यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण उद्यापन म्हणजे जेवण आलं, आणि ते तिथंच, प्लॉटवर, असं चंद्रभागाबाईंनी ठरवून टाकलं. झाडाखाली रोडगे करायचे, वांग्याची भाजी करायची, दोघी लेकींना बोलवायचं, गटाच्या बायकांना बोलवायचं. वार ठरला रविवार. तोच. पाडव्याच्या आधीचा.

रविवारी धाबेवाला मोजायची टेप आणि इसार घेऊन नेमसिंगबरोबर आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या प्लॉटवर, बरोबर जिथं त्याला तंदूर लावायचा होता तिथं, गोवऱ्यांचा जाळ पेटला होता आणि बायका रोडगे भाजत बसल्या होत्या. टेप लावायची म्हणजे निखाऱ्यावरून न्यावी लागणार. तो घुटमळला.

"बस लेकरा," चंद्रभागाबाई त्याला म्हणाल्या. "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

तो बसला. समोर मोठ्या वन्सं वर झाडाकडे बघत होत्या, कितीतरी वेळ. मग त्या भुजंगला म्हणाल्या, "दादा, खरं सांगू का? भजन लावलं की हे झाड. साबुदाण्याचे पापड बघायला गेले की हे झाड. परवा तर सपनात आलं. मला वाटून राहिलं, देवच दाखवून राहिला. ह्यांची नोकरी सरलीच आता. हा कोपऱ्याच्या बाजूचा आमाला दे."

"माझ्याबी फोनवर तेच चालू हाय," धाकट्या वन्सं लगोलग म्हणाल्या. "मागचा आमाला. लेकरं शाळेला इकडंच यायची हायेत."

अनुसयाबाईंनी हातातला रोडगा खाली ठेवला. त्यांनाही तेच झाड रोज दिसत होतं, फक्त त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. गल्लीतलं भाड्याचं घर त्यांना सोडायचंच होतं. त्यांनी रस्त्यापलीकडचा मागितला. आणि मग तिघींनी मिळून धाबेवाल्याकडे पाहिलं आणि विचारलं की त्याच्याकडे रात्री किती ट्रक थांबतील, किती वाजेपर्यंत थांबतील, आणि गाणी कोणती लागतील. धाबेवाल्याने वांग्याची भाजी परत वाढून घेतली, पोटभर जेवला, चंद्रभागाबाईंच्या पाया पडला आणि टेप गुंडाळून गेला.

नेमसिंगने बोटं मोजली. तीन. "वैनी," तो म्हणाला, "कोपरा तुमचा."

भुजंगची छाती फुगली होती. त्याने तिथूनच अंजलीला फोन लावला आणि जाहिरातीचा विजय सविस्तर ऐकवला. बोटं लावली त्यांनीच शेवटी प्लॉट घेतले की नाही? अंजली म्हणाली, "मामा, एवढी पक्की गिऱ्हाइकं आमच्या ऑफिसात कुणालाच मिळाली नाहीत." मग तिने मोहिनीला फोन द्यायला सांगितला, पण दोघींनाही हसण्यामुळे काही बोलता आलं नाही.

ऊन कलल्यावर बायका आपापली फक्कीची रेघ बघायला पांगल्या. मोहिनी एकटीच कडुलिंबाखाली राहिली. झाडाला मोहर आला होता, त्याचा बारीक चुरा तिच्या पदरावर पडत होता. तिने घरून आणलेला थर्मास उघडला आणि कपात चहा ओतला. ठरलेल्या रंगाचा कप. चहातून वाफ निघत होती.

"मोहिनी," शेजारच्या प्लॉटमधून मोठ्या वन्सं म्हणाल्या, "थर्मासात उरला का गं?"

"मोठी काय म्हणून राहिली?" मागच्या प्लॉटमधून धाकट्या वन्सं.

"इथून दुकान लांब पडन गं," रस्त्यापलीकडून अनुसयाबाई. "साखर जरा जास्तच भरून ठेवत जा."

"मोहिने, माझी गोळी," झाडाच्या बुंध्याला पलीकडच्या अंगाने टेकलेल्या चंद्रभागाबाई म्हणाल्या.

मोहिनीने चारी दिशांना एकदा पाहिलं. मग कुणालाही ओ न देता, जन्मात पहिल्यांदा, तिने आधी एक मोठा घोट घेतला.

जीभ पोळली. सवयच नव्हती.