आठ खिळ्यांचं दार

"काकू, रविवारी नाटकाला येताय ना?" मापाडीने विचारलं.

"कशाला?" सभासद क्रमांक बावन्नच्या काकूंनी दुधाची किटली काट्यावर ठेवली. "चाळीस दिवस बघतेय की. तो बायकोला सोडून जातो, बारा वर्षांनी येतो, दार ठोठावतो. ती उघडत नाही. तो जातो. माझं रडून झालंय सगळं. माप नीट बघा."

मापाडीच्या हातातलं माप तसंच राहिलं. पन्नास नंबर म्हणाले, "आमचंही पाठ झालंय." साठ नंबरने तर शेवटचा उसासासुद्धा जसाच्या तसा टाकून दाखवला. तेव्हा कुठे मापाडीच्या डोक्यात प्रकाश पडला. दूध संकलन केंद्राला लागून बर्फ ठेवायचा जुना हॉल होता, तिथे मापाडीने लिहिलेल्या या नाटकाच्या तालमी चालायच्या. दोन्हींच्या मध्ये एक रुंद दरवाजा होता आणि संध्याकाळची दुधाची रांग नेमकी त्या दरवाजासमोर लागायची. दरवाजा लावून घ्यावा हे चाळीस दिवसांत एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. उलट रांग बघतेय म्हणून सगळे जास्तच रंगात यायचे.

हा हॉल म्हणजे मापाडीचं बावीस वर्षांचं स्वप्न. दूध मोजता मोजता त्याची तंद्री लागायची. उंच झरोक्यांतून तिरपं ऊन आत यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि त्याला तिथे रंगमंच दिसायचा, पडदा दिसायचा, पोरी नाचताना दिसायच्या. तेवढ्यात कोणीतरी ओरडायचं, "अहो, सांडतंय!" दूध संस्थेच्या चेअरमननी शेवटी परवानगी दिली ती एका अटीवर. "रविवारी सगळ्या खुर्च्या भरल्या तर हॉल नाटकवाल्यांचा. एक जरी रिकामी दिसली, तर सोमवारी तिथे पशुखाद्याची पोती."

आणि आता रांगेतलं एकही माणूस यायला तयार नव्हतं. आयुष्यात कधी पाव लिटरचीही लबाडी न केलेल्या मापाडीच्या तोंडून निघून गेलं, "काकू, शेवट बदललाय."

"म्हणजे? ती दार उघडते?"

"रविवारी कळेल," मापाडी म्हणाला आणि घाईघाईने दुसऱ्याच किटलीत नाक खुपसलं.

काकू घरी पोचायच्या आत ती बातमी गावात पोचली. सकाळच्या रांगेत तर ती वाढूनच परत आली. म्हणे दार उघडतं, नवरा पाया पडतो, जुळी मुलं निघतात. शेजारच्या गावाचे लोक बैलगाड्या जुंपून, ट्रॅक्टर काढून यायचं ठरवत होते. मापाडी रोज कागद घेऊन बसायचा आणि कागदाकडे बघतच राहायचा.

"काय लिहिलंत?" बायकोने शनिवारी विचारलं. नाटकातल्या बायकोचं काम तिच्याकडेच होतं, कारण दुसरी कोणी तयार होईना. 'पहिल्या दोन अंकांत भांडायचं आणि तिसऱ्यात दाराआड गप्प बसायचं,' असं त्याने समजावलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "भांडायचं जमेल. गप्प बसायचं बघू."

"काही नाही लिहिलं," मापाडी म्हणाला. "जुनाच शेवट करायचा. एकदा खुर्च्या भरल्या की झालं. कलेपुढे लोक नमतात."

"नमतात ना? मग तुम्ही पुढच्या रांगेत बसा," बायको म्हणाली.

रविवारी खुर्च्या भरल्या. खुर्च्यांमधल्या जागा भरल्या, झरोक्यांतही डोकी दिसायला लागली. चेअरमन मधोमध बसले होते. मापाडी पडद्याआड उभा होता. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात सगळं अगदी त्याच्या तंद्रीतल्यासारखं दिसत होतं.

तिसरा अंक आला. परतलेल्या नवऱ्याच्या वेषातला शिंपी पायरीवर चढला. त्याने दार तीनदा ठोठावलं. आतून काही हालचाल नाही. आता त्याने उसासा टाकून जायचं होतं. तो वळला, तर समोर सगळं गाव श्वास रोखून बसलेलं.

"जाऊ नकोस रे!" साठ नंबर ओरडले. "शेवट बदललाय!"

शिंपी गोंधळला. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने पडद्याआड बघितलं. मापाडी दोन्ही हातांनी 'जा, जा' अशा खुणा करत होता. शिंप्याने गावाकडे पाहिलं, मापाडीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने चौथ्यांदा दार ठोठावलं.

"बाई गं, पुरे झालं आता, उघड!" बावन्न नंबरच्या काकूंना रडूच फुटलं. पाठोपाठ सगळ्या बायका सुरू झाल्या. दाराआड मापाडीच्या बायकोचा धीर सुटला. तिने कडीला हात घातला आणि ओढली. दार ढिम्म हललं नाही.

"अहो!" आतून आवाज आला. "उघडत नाहीये!"

"कसं उघडेल?" प्रेक्षकांतून सुतार अभिमानाने उभा राहिला. "न उघडणारं दार सांगितलं होतं मला. आठ खिळे मारलेत! हत्ती आणा, हलायचं नाही!"

हत्तीचं ते आव्हान ऐकल्यावर चेअरमन उठलेच. बाह्या सरसावून ते थेट रंगमंचावर चढले. "हो बाजूला," ते शिंप्याला म्हणाले आणि त्यांनी दाराला खांदा लावला. शिंप्याने लावला. साठ नंबर धावले. "एक, दोन, तीन!" सगळा हॉल ओरडला, आणि दार चौकटीसकट आत आडवं झालं.

धूळ उडाली. ती हळूहळू खाली बसली, तशी त्या पिवळ्या उजेडात बाजूला सरकून उभी राहिलेली मापाडीची बायको दिसली, हातात तुटलेली कडी घेऊन. आता ही काय बोलणार? मापाडीने डोळे मिटून घेतले.

तिने शिंप्याचा चेहरा निरखून पाहिला. मग तिची नजर त्याच्या धुळीने माखलेल्या पायांवर गेली.

"आधी पाय पुसा," ती म्हणाली.

मग बायका रडता रडता हसायला लागल्या, आणि टाळ्या अशा पडल्या की आढ्यावरची कबुतरं उडाली.

"हॉल तुमचा," चेअरमन खांदा चोळत म्हणाले. "पण पुढच्या रविवारी दार मीच पाडणार."

घरी जाताना बायकोने विचारलं, "खरं सांगा, तुम्ही ते दार बंदच का ठेवलं होतं?"

"दार उघडलं असतं, तर तुला काहीतरी बोलावं लागलं असतं," तो म्हणाला. "बारा वर्षांनी बाई काय बोलेल, ते मला लिहिताच येईना."

"मला विचारायचं होतंत," बायको म्हणाली.

त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारी ते दार पडलं. सुतार दर शनिवारी नवं ठोकायचा, पण चारच खिळ्यांचं. दार पाडायला नंबर लागायचे, सभासद क्रमांकाप्रमाणे. बघता बघता हॉलची मागची भिंत सरकली, खरा पडदा आला, पोरींचा नाच सुरू झाला, ढोलकीचा वर्ग निघाला, गावोगावची मंडळी आपापली नाटकं घेऊन यायला लागली. दुधालाच जागा पुरेना, तेव्हा काटा बाहेर छपराखाली गेला. मापाडी सुखात होता. फक्त मनाच्या एका कोपऱ्यात सलायचं, की आपण लिहिलेला शेवट एकदाही झाला नाही.

म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्याने हट्ट धरला. "एकदाच माझा शेवट करा. दार पाडायचं नाही, बोलायचं नाही."

"बरं बाई," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी गप्प बसते."

त्या संध्याकाळी मापाडी पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसला. शिंपी आता खरोखरच पिकला होता. तो पायरीवर चढला, त्याने तीनदा ठोठावलं. आतून काही आवाज नाही. गावाने दातांवर दात धरले, पण दिलेला शब्द पाळला. शिंप्याने उसासा टाकला. तो वळला. झरोक्यांतलं शेवटचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं. एक पायरी तो उतरला, मग दुसरी. बावीस वर्षं तंद्रीत पाहिलं होतं, अगदी तस्संच.

"अगं, उघड की दार!" कोणीतरी कळवळून ओरडलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर मापाडी स्वतःच खुर्चीतून उठून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

शिंपी पायरीवरच थबकला.

"आधी त्यांना पाय पुसायला सांगा," आतून आवाज आला.