भाऊसाहेबांची पंगत

आमचे आमदार भाऊसाहेब विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, तेव्हा हात जोडून म्हणाले, "मंडळी, सावकाश होऊ द्या." अध्यक्षांनी कामकाजाची पत्रिका पुन्हा चाळली.

दोष त्यांचा नव्हता. कोथरूडमध्ये त्यांचं मंगल कार्यालय होतं आणि अर्धं आयुष्य पंगतीतून हेच म्हणत फिरण्यात गेलं होतं. मी तिथला मॅनेजर. ते निवडून आले आणि मी स्वीय सहायक झालो. काम तेच राहिलं, फक्त आचाऱ्यांऐवजी आता कार्यकर्ते रुसायचे.

धायरीची माणसं पाण्याची तक्रार घेऊन आली, तर यांचा पहिला प्रश्न, "जेवलात का?"

"पानीच न्हाय सायेब, जेवायचं कसलं?" एक आजोबा म्हणाले. भाऊसाहेबांनी टँकर पाठवला आणि मागोमाग मसालेभात.

विरोधकांनी सभात्याग केला की हे दाराशी उभं राहून एकेकाला विचारत, "काही कमी पडलं का?" एक मंत्री वैतागले, "अहो, ते रागावून निघालेत."

"म्हणूनच विचारतोय. रागावून गेलेला पाहुणा पुढच्या कार्याला येत नाही."

आयटी कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर घरोघरच्या लग्नांत बुफे आला. "माणूस स्वतःच वाढून घ्यायला लागला, तर यजमानाने करायचं काय?" असं ते तळमळून विचारत. एका कंपनीच्या उद्घाटनाला फीत कापून ते थेट कॅन्टीनमध्ये शिरले, साहेबलोकांना ओळीत बसवलं आणि जिलब्या वाढायला लागले. परदेशी पाहुणा "नो, नो" करत होता. पण तीनदा नको म्हटल्याशिवाय ते नको धरायचं नाही, हा भाऊसाहेबांचा नियम.

स्वतः मात्र ते कधी पंगतीला बसले नाहीत. यजमान शेवटी जेवतो. बायको लवकर गेली, त्यामुळे शेवटी वाढायलाही कोणी नसायचं. त्यांना एकाच पंगतीची आस होती, मुलाच्या लग्नाच्या. निखिल अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. दरवर्षी मार्गशीर्षातला एक उत्तम मुहूर्त ते त्याच्यासाठी अडवून ठेवत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "त्या दिवशी घरचं कार्य आहे," म्हणून परत पाठवत.

मग एक दिवस निखिलचा फोन आला. चेन्नईच्या मीनाक्षीशी त्याने तिकडेच नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं.

"बरं," भाऊसाहेब म्हणाले. "जेवलात ना?"

फोन ठेवून ते रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुहूर्त मात्र त्यांनी सोडला नाही. त्या दिवशी हॉलमध्ये पाटावर कॉम्प्युटर मांडला, भोवती रांगोळी काढली. पडद्यावर जोडपं आलं. समोर दोन पानं वाढली, मीठ, लिंबू, चटणी, सगळं जागच्या जागी.

"भाऊसाहेब, ते तिथून जेवणार कसे?" मी विचारलं.

"तुम्ही तूप वाढा."

निखिल बायकोच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. ती अडखळत म्हणाली, "बाबा, आज तुम्ही बसा."

ते नको म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, ते पुन्हा नको म्हणाले. तिने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना नको म्हणता आलं नाही. मी समोर तिसरं पान मांडलं.

जिलबी वाढायला गेलो, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"बाबा," पडद्यावरून निखिलचा आवाज आला, "सावकाश होऊ द्या."

भाऊसाहेबांनी हात बाजूला घेतला. मान खाली घालून ते जेवत राहिले आणि मी वाढत राहिलो.