लाल दांडी आत कोणी सारायची?

मुलांनो, एका जंगलात गवत भरपूर होते आणि ते खाणारेही भरपूर होते. त्यामुळे तिथे अडचण अशी काही नव्हती. पण अडचण नसली की दरबाराला काम राहत नाही.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथला वाघ गवत कापायच्या गाडीवर बसून हिंडत होता. नुसते पेडल दाबायचे, की गाडी पुढे जाते आणि गवत खाली पडते. महाराज परत आले ते तोंड पाडूनच.

"आपल्याकडे अशी गाडी का नाही?" त्यांनी भांडारप्रमुख बगळ्याला विचारले.

"आपल्याकडे रेडे आहेत, महाराज. गवत ते खातात."

"रेड्यावर बसून मी पाहुण्यांपुढे गेलो, तर त्यांना भलतेच वाटेल."

हे बगळ्याला पटले. तो एका कोल्ह्याकडून वापरलेली गाडी घेऊन आला. कोल्ह्याने ती नीट समजावून दिली होती. "हिला गिअर नाहीत, साहेब. तेलाच्या दाबावर चाके फिरतात. हायड्रोस्टॅटिक म्हणतात. मागे ही लाल दांडी. बाहेर ओढली की दाब सुटतो, मग गाडी ढकलता येते. चालवायची असेल तर दांडी आत सारायची."

बगळ्याने मान हलवली. त्या वेळी तो गादीवर महाराज मावतील का, ते पाहत होता.

गाडी आली आणि चरायला बंदी झाली. गाडीला कापायला गवत नको का? रेडे उपाशी राहिले आणि ओरडू लागले. तेव्हा त्यांना गाडी ढकलायच्या नोकरीवर घेतले. त्या जंगलाचा रिवाज असा, की महाराज बसण्याआधी त्यांच्या वाहनाने आपण होऊन हलायचे नाही. ते उद्धटपणाचे दिसते. म्हणून रेडे लाल दांडी ओढत, गाडी ढकलत टेकडीच्या पायथ्याशी आणत आणि अदबीने बाजूला उभे राहत.

महाराज बसत. इंजिन धडधडे. महाराज पेडल दाबत. गाडी जागची हलत नसे.

"गुरुवारी वाघ येतोय," महाराज म्हणाले. "त्याच्यासमोर ही टेकडी चढली नाही, तर बगळ्या, तुझी बदली कोरड्या माळावर."

कोरड्या माळावर मासे नसतात, हे तुम्हाला भूगोलात असेलच.

लगेच समिती नेमली गेली. अध्यक्ष घुबडपंत. पाहणी भर दुपारी होई. घुबडाला दुपारी दिसत नाही, त्यामुळे पाहणी निःपक्षपाती होत असे. घुबडपंत म्हणाले, तेल जुने आहे. तेल बदलले. मग म्हणाले, पट्टा सैल आहे. पट्टा बदलला. गाडी हलेना. शेवटी त्यांनी निकाल दिला, की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे गाडीचे ट्रान्समिशन गेले आहे.

बुधवारी बगळा हताश होऊन गाडीमागे एका पायावर उभा होता. समोरच लाल दांडी होती. त्याने रेड्यांच्या मुकादमाला हाक मारली.

"रेडेमामा, ही दांडी कोण ओढतं?"

"आम्हीच. त्याशिवाय ढकलता येत नाही."

"आणि परत आत कोण सारतं?"

"ते आमच्याकडं न्हाई. आमच्याकडं फक्त ओढणं."

"आत सारली तर गाडी चालेल, मामा."

"ठाऊक हाय की," रेडेमामा रवंथ करत म्हणाला. "मग आम्हाला कोण ठेवील? आन् चरायला तर बंदी."

बगळा धावत घुबडपंतांकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बगळेसाहेब, ट्रान्समिशन गेले असे मी सही करून कळवले आहे. आता ते गेलेच पाहिजे. गाडी उद्या आपली आपण चालली, तर समितीची शोभा होईल. मग माळावर जाण्यापासून तुम्हाला कोण वाचवणार?"

म्हणजे गाडी चालली तरी माळ, न चालली तरी माळ. बगळा रात्रभर विचार करत बसला आणि पहाटे त्याने रेड्यांना फेटे बांधले.

गुरुवारी वाघ आला. महाराज गाडीवर बसले. मागे फेटेवाल्या रेड्यांचे पथक उभे राहिले, माना नम्रपणे खाली, कपाळे गाडीला टेकलेली. इंजिन धडधडले. महाराजांनी पेडल दाबले. रेड्यांनी जोर लावला. पाती तर इंजिनावर फिरतच होती. गवत कापत कापत गाडी थेट टेकडीच्या माथ्यावर गेली. दांडी बाहेरच होती.

वाघ थक्क झाला. "आमची गाडी तापली की चढावर दम टाकते. तुम्ही काय करता?"

महाराजांनी बगळ्याकडे पाहिले.

"निगा राखतो, महाराज," बगळा म्हणाला.

वाघाने जाताना मोरीचा मार्ग विचारावा तसे हळूच विचारले, की फेटेवाले किती दिवसांसाठी उसने मिळतील. बगळ्याला महाराजांनी मोठे तळे बहाल केले. समितीचे अभिनंदन झाले, कारण ट्रान्समिशन गेलेली गाडी टेकडी चढवणे सोपे नसते.

कापलेले गवत संध्याकाळी रेड्यांना पगार म्हणून वाटले. त्याला पेट्रोलचा वास येत होता. पूर्वी हेच गवत ते टेकडीवर जाऊन ताजे खात. पण त्या वेळी ते बेकार होते.

तात्पर्य : बिघाड सापडला म्हणून लगेच दुरुस्त करू नये. आधी त्यावर कोणाकोणाचे पोट चालते ते पाहावे, आणि त्यात आपलेही बसवून घ्यावे.