चोवीस तास पाणी

माहेरहून परदेशी परतल्यावर, विमानातून उतरल्या उतरल्या ताईने नवऱ्याला बजावलं, की या खेपेला झोपेचे, भुकेचे आणि मनाचे कुठलेही चोचले होणार नाहीत. "सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत, माझ्या टेबलापाशी. उन्हाळा संपला, माहेर संपलं, विषय संपला." रोपांना दिवस-रात्र कसं कळतं यावर ताई संशोधन करते. त्यामुळे शरीराच्या घड्याळाबद्दल ती काही बोलली, की नवरा वाद घालत नाही. तो बॅगा ओढतो.

त्याला घोर होता तो दुसऱ्या दिवसाचा. शनिवारी घरमालकीण घर बघायला येणार होती आणि भाडेकरार वाढवायचा की नाही, ते त्याच भेटीत ठरणार होतं. ताईची प्रयोगशाळा घराच्या समोर, रस्ता ओलांडला की आलीच. असं घर पुन्हा मिळणं कठीण. घरमालकीण राहायची वरच्याच मजल्यावर आणि ओल म्हणजे तिची जन्माची वैरीण. मागच्या भाडेकरूने लाकडी जमिनीवर ओला टॉवेल टाकला, म्हणून तिने त्याला घालवला, असं खालचे आजोबा सांगत.

"तू फक्त हस," नवरा म्हणाला. "जास्तीचं काही सांगत बसू नकोस."

शनिवारी पहाटे भिंतीतल्या पाइपात कुणाच्या तरी नळाचा घुर्र असा आवाज झाला. ताईला जाग आली आणि पुढचं काम मेंदूने परस्पर हातापायांवर सोपवलं. माहेरी पाणी पहाटे येतं आणि उन्हं वर यायच्या आत जातं. दोन महिने ताईने आईच्या हाताखाली हेच केलं होतं. आवाज आला, की उठायचं आणि भरायचं.

नवरा चहा करायला उठला तेव्हा त्याला घरात रिकामं भांडं मिळेना. बादली, कुकर, कढया, डबे, मिक्सरचं भांडं, फुलदाणी, सगळं काठोकाठ. पेल्यांवर बशा झाकलेल्या. बाथटब तर गावच्या विहिरीसारखा गंभीर दिसत होता.

"अगं, हे काय?"

"पाणी," शेवटची बाटली पुसत ताई म्हणाली. "आज धार चांगली होती."

"इथे रोजच चांगली असते. चोवीस तास असते."

बाटली पुसणारा हात थांबला. ताईने ओट्यावरून नजर फिरवली. "हे मी केलं?"

"नाही, मी झोपेत केलं. ओत लवकर, ती येईल."

पण घरमालकीण वेळेच्या आधी येणाऱ्या जमातीतली होती. बेल वाजली. ती आत आली, भांडी पाहिली आणि तिने मान वर करून छताकडे पाहिलं.

"कुठून गळतंय?"

"गळत नाहीये," ताई म्हणाली. "आम्ही भरून ठेवलंय."

"का? नळाला पाणी नाही?"

"आहे ना. म्हणून तर भरलं."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं ठरवून घरमालकिणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मदतीला धावला. "तसं विशेष काही नाही. आम्हाला सवय आहे याची."

"म्हणजे बरेच दिवस गळतंय," घरमालकीण म्हणाली आणि तिने प्लंबरला फोन लावला.

प्लंबर आला. कपाटाएवढा माणूस. त्याने भिंती ठोकल्या, छत चाचपलं, जमिनीला कान लावला. "कुठेच गळत नाही," तो म्हणाला.

"नीट बघा. न गळता कुणी मिक्सरमध्ये पाणी भरून ठेवतं का?"

या युक्तिवादावर ताईनेही मान डोलावली. मग खात्री करून घ्यायला प्लंबर तळघरात गेला, इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला. तो वर आला तेव्हा व्हॉल्व्हचा दांडा त्याच्या हातात होता. नुसता दांडा. व्हॉल्व्ह मात्र मनापासून बंद झाला होता.

"नवा आणावा लागेल," प्लंबर म्हणाला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

पहिले आले ते खालचे आजोबा, अर्ध्या गालावर दाढीचा फेस घेऊन. "तुमच्याकडे पाणी आहे म्हणे." मग बाळाला कडेवर घेऊन समोरची बाई आली. तिच्यामागे आणखी कुणी. बघता बघता जिन्यापर्यंत रांग लागली. ताईने बाह्या सरसावल्या. दोन दिवसांत प्रथमच तिला आपण कुठे आहोत ते नीट कळत होतं.

"एका घराला एक पातेलं. प्यायचं ओट्यावरचं, वापरायचं टबातलं. आजोबा, मध्ये घुसू नका. फेस वाळला तर वाळू द्या."

रांगेच्या शेवटी घरमालकीण होती. दोन्ही हातांत एकेक पातेलं.

"एकच मिळेल," ताई म्हणाली.

"इमारत माझी आहे."

"असेल. राहता एकाच घरात ना?"

मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. घरमालकिणीने हातातल्या दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं. मग तिने एक पातेलं गुपचूप खाली ठेवलं.

दुपारी व्हॉल्व्ह बसला, नळ खळखळले, आणि घरमालकीण पुन्हा खाली आली. या वेळी चक्क हसत. "अशी शिस्तीची माणसं मला इमारतीत हवीत," ती म्हणाली. "दोन वर्षं वाढवते करार."

नवऱ्याने टेबलाखालून ताईचा पाय दाबला. ताई हसली. सगळं इतकं छान चाललं होतं, की घरमालकिणीलाही आपण काहीतरी चांगलं करावंसं वाटलं. "आता हा पसारा आवरायला मी मदत करते," म्हणत तिने ओट्यावरचं मोठं पातेलं उचललं आणि सिंकमध्ये उपडं करायला घेतलं.

"अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे का? भरलेलं पाणी ओतताय?"

हे ताई मराठीत आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली. म्हणतानाच तिने पातेल्याचा दुसरा काठ धरला. घरमालकीण घाबरून मागे सरली, पण पातेलं काही तिने सोडलं नाही. निम्मं पाणी सिंकमध्ये गेलं, निम्मं तिच्या बुटांत.

शब्द तिला कळले नाहीत. सूर कळला.

"एक वर्ष," ती म्हणाली. "आधी एकच वर्ष बघू." आणि पचपच आवाज करत जिना चढून गेली.

नवरा दार लावून आला. "एक वर्ष घालवलंस आपलं."

ताई रिकाम्या पातेल्यात बघत होती.

"अरे, पिण्याचं होतं ते."