चांगल्या महिन्याचा रंग

लिंदाल्वाने गेल्या बारा महिन्यांचे आकडे भरले, बटण दाबलं, आणि तिच्या संगणकाचा अख्खा पडदा निळा झाला.

दुसऱ्या कुठल्याही गावात बाई खूश झाली असती. प्रवासी बोटींच्या त्या कंपनीच्या पारिंचिन्स कचेरीतून वर्षभर जवळजवळ एकूण एक बोट वेळेवर सुटली होती, आणि मानाउसच्या मुख्य कचेरीने पाठवलेल्या आलेखाच्या साच्यात चांगला महिना निळा आणि वाईट महिना लाल दिसे. पण हे पारिंचिन्स होतं. जूनचा दुसरा आठवडा होता, आणि बैलांचा उत्सव पंधरा दिवसांवर आला होता. कॅथेड्रलच्या एका अंगाला लाल बैलाची वस्ती, दुसऱ्या अंगाला निळ्याची. तीन दिवस कापडी बैल रिंगणात नाचतात, उरलेलं वर्ष त्यांची माणसं एकमेकांना नाचवतात. लिंदाल्वाचे वडील चाळीस वर्षं लाल बैलापुढे ढोल वाजवत होते. तिच्या आईने शाळेचा निळा गणवेश कॉफीत उकळून तपकिरी केला होता, हे तिच्या बरोबरीच्या आम्हा मुलींना अजून आठवतं.

पूर्वी ही अडचण नव्हती. ज्याची त्याची कचेरी चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी आपला आलेख काढी. लिंदाल्वा चांगला महिना लाल रंगवी; खोक्यातल्या निळ्या पेन्सिलीला तीस वर्षांत एकदाही टोक काढावं लागलं नव्हतं. आता सगळ्यांना मिळून एकच साचा आला होता. उघडा, आकडे भरा, झालं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की ज्या कचेरीला तो या महिन्यात वापरता येणार नाही, तिचे अहवाल यापुढे मानाउसलाच होतील. म्हणजे लिंदाल्वाचं टेबल जाणार आणि ती तिकीट खिडकीवर बसणार, नोनातोच्या हाताखाली.

आणि नोनातो निळा. नुसता निळा नव्हे, दारं-खिडक्या निळ्या, कुत्र्याचा पट्टासुद्धा निळा. तो नेमका त्याच वेळी कॉफी मागायला आत आला आणि पडद्याकडे बघत उभा राहिला.

"या, या, लिंदाल्वाबाई," तो म्हणाला. "उशिरा का होईना, घरी आलात."

तो गेल्याबरोबर तिने दोन्ही रंगांची अदलाबदल केली आणि साचा जतन केला. आधी आपली वेगळी प्रत काढावी, असं पत्राच्या शेवटी होतं; पण पत्राच्या शेवटापर्यंत कोण जातं? त्यामुळे बदल झाला तो मूळ साच्यातच, आणि मानाउसपासून सांतारेंपर्यंत नदीकाठच्या सगळ्या कचेऱ्यांत चांगले महिने लाल झाले.

तासाभराने नोनातोने स्वतःचा तिकिटांचा आलेख उघडला. बघितलं आणि रंग परत फिरवले. लिंदाल्वाने पुन्हा फिरवले. दोघांच्या खोल्यांमध्ये एक लाकडी भिंत होती. मंगळवारी दिवसभर तिच्या अलीकडून आणि पलीकडून फक्त बटणांचे आवाज येत होते.

तिकडे सांतारेंच्या कचेरीत व्यवस्थापक ओतोनिएलने सकाळी आपले नऊ महिने निळे पाहिले आणि केक मागवला. केक येईपर्यंत नऊ महिने लाल झाले होते. त्याने माणसांना उभं करून झापलं आणि केक परत पाठवला. तीन वाजता पुन्हा निळं. केक पुन्हा आला, तोपर्यंत त्याची साय आंबली होती. कोणता रंग कशाचा हे आलेखाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची पद्धत कुठल्याच कचेरीत नसते.

खरा प्रकार कळल्यावर ओतोनिएलने लिंदाल्वाला फोन केला आणि पोटभर हसून घेतलं. बैलांच्या रंगावरून जाणती माणसं भांडतात, हे त्याला आपल्या बायकोला सांगायचं होतं. "अहो बाई, रंग तो रंग," तो म्हणाला. "रंगाला कसला आलाय मान?" आणि मग त्याने रीतसर तक्रार केली.

शुक्रवारी मानाउसहून वाल्सिर साहेब बोटीने उतरले. साचा त्यांनीच केलेला. हा उद्योग कोणाचा, असं त्यांनी विचारलं. लिंदाल्वा उभी राहिली. तिने आपलं टेबल आवरूनच ठेवलं होतं. पेन्सिलींचं खोकंसुद्धा पिशवीत होतं.

"माझा," ती म्हणाली.

"अर्धा माझा," नोनातो म्हणाला आणि तोही उठला. तीस वर्षांत तो तिच्या बाजूने पहिल्यांदाच काही बोलला होता. लिंदाल्वाने त्याच्याकडे संशयानेच पाहिलं.

साहेबांनी दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. माझं जेवण होईपर्यंत कोणत्याही बैलाने अंगावर न घातलेले दोन रंग शोधा, म्हणाले, नाहीतर दोघांची टेबलं मानाउसला. पांढरा जमेना, कारण लाल पक्षाचा झेंडा लाल असला तरी बैल पांढरा. काळा जमेना, निळ्यांचा बैल काळा. हिरवा-पिवळा घ्यावा, तर वाईट महिन्याला देशाच्या झेंड्याचा रंग कसा द्यायचा? शेवटी अंगणातल्या जास्वंदीकडे बघून लिंदाल्वा गुलाबी म्हणाली, आणि वर भरून आलेल्या आभाळाकडे बघून नोनातो राखाडी म्हणाला. चांगला महिना गुलाबी, वाईट राखाडी.

साहेब माशाचा काटा दातातून काढत आले आणि खूश झाले. रंगांनी माणसं दुखावतात हे ज्यांना कळतं त्यांच्याच हाती साचा असावा, म्हणून त्याला त्यांनी कुलूप लावलं आणि परवलीचा शब्द एकट्या लिंदाल्वाला दिला. तिने पेन्सिली पिशवीतून काढून पुन्हा टेबलावर ठेवल्या.

सोमवारी सकाळी आठला ओतोनिएलचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं की हे रंग कोणी ठरवले. सप्टेंबरात त्यांच्याकडे नदीतल्या दोन डॉल्फिनांचा उत्सव असतो, एक गुलाबी आणि एक राखाडी. तो स्वतः लहानपणापासून राखाडीवाल्यांत. आज कचेरी उघडल्यापासून निम्मी माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, आणि उरलेल्या निम्म्यांनी, म्हणजे गुलाबीवाल्यांनी, स्वतःच्या पैशाने केक आणला होता.

लिंदाल्वाने फोनवर हात ठेवून भिंतीवर टकटक केली. नोनातो धावत आला आणि फोनला कान लावून बसला.

"ओतोनिएलभाऊ," ती गोड आवाजात म्हणाली, "रंग तो रंग."

मग तिलाच दया आली.

"राखाडी महिने किती आहेत तुमचे?"

"तीन."

"एवढंच ना? मग यापुढे सगळ्या बोटी वेळेवर सोडा. एकही राखाडी उरणार नाही, सगळं गुलाबी होईल."

"तेच तर नकोय, बाई," ओतोनिएल म्हणाला.